घर उतरवण्याआधी त्याचे फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दापोली तालुक्यात पणजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर आहे. चार भावांत वाटण्या झाल्या आहेत. मे महिन्यात सगळे गावी जमणार आणि पावसाळा सरला की घर उतरवायचं ठरलंय. तुमच्याकडे एक जुना डीएसएलआर आणि बऱ्यापैकी मोबाइल आहे. पुढच्या पिढ्यांसाठी घराचे फोटो काढून ठेवायचे आहेत, तर नेमकं काय काढावं आणि कसं काढावं? कोकणातली घरं आणि देशावरचे वाडे यांचं छायाचित्रण मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी करायच्या कामाला कॅमेरा लागत नाही. त्या घरात सर्वांत जास्त वर्षं ज्यांनी काढली आणि ज्या आज बोलू शकतात, त्या तुमच्या मोठ्या काकू. त्यांना आजच फोन करा आणि मे महिन्यातल्या काही सकाळी तुमच्यासाठी मागून ठेवा. घराचे फोटो काढणं आणि घराबद्दल विचारणं ही दोन कामं लोक वेगवेगळी करतात: फोटो मे महिन्यात, माहिती ‘नंतर सावकाश’. ते नंतर कधी येत नाही. माझं ठाम मत आहे की हे एकच काम आहे आणि ते एकाच वेळी व्हायला हवं. कोनाड्याचा फोटो कितीही सुंदर आला, तरी तिथे काय ठेवायचे, कुणी ठेवायचं, हे सोबत नसेल तर तुमच्या नातवंडांना त्यात भिंतीतलं एक भोक दिसेल. काकू कोनाड्यापाशी उभ्या आहेत, बोलता बोलता हात त्यात घालताहेत, आणि तुम्ही फोटो घेताय व दुसऱ्या फोनवर आवाज नोंदवला जातोय, असं झालं तर ते दस्तऐवज ठरतं.

दुसरी गोष्ट, घर आवरू नका. फोटो काढायचे म्हटलं की घरातले उत्साहाने झाडलोट करतात, दांडीवरचे कपडे काढतात, कोनाड्यातल्या औषधाच्या बाटल्या लपवतात, कुणी चुना लावायलाही काढतं. सगळ्यांना हात जोडून थांबवा. दांडीवर वाळणारं लुगडं, खिळ्याला अडकवलेलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय, दाराच्या मागची केरसुणी, चुलीवरच्या फळीवरचे लोणच्याचे सट, हे सगळं जिथे आहे तिथेच राहू द्या. म्हणून शक्य असेल तर बाकीच्यांच्या दोन-तीन दिवस आधी गावी पोचा. एकदा पंचवीस माणसं घरात आली की गाद्या, बॅगा आणि चार्जर यांच्याखाली घर दिसेनासं होतं. गर्दीच्या घराचेही फोटो हवेतच, ते नंतर काढा.

आता कागद घ्या आणि घराचा साधा नकाशा हाताने काढा. माप नेमकं नसलं तरी चालेल, पण मोजपट्टी हाताशी असेल तर प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी लिहा, भिंतीची जाडी लिहा आणि खणांची संख्या लिहा. आपली जुनी घरं फुटात बांधली गेलेली नाहीत, खणात बांधली गेली आहेत. दोन तुळयांमधल्या अंतरावर सगळ्या घराचा हिशोब चालतो, त्यामुळे ‘पाच खणी माजघर’ असं लिहिलंत तर जाणकाराला निम्मं घर डोळ्यांपुढे येतं. प्रत्येक खोलीला क्रमांक द्या, उत्तर दिशा दाखवा. मग फोटो काढताना कुठे उभे होतात आणि तोंड कुठे होतं, ते बाणाने त्या नकाशावर मांडत जा. कंटाळवाणं वाटेल. घर पडल्यानंतर मात्र शेकडो फोटोंमधून घर पुन्हा जुळवायचं तर हा एक कागदच उपयोगी पडतो.

क्रम माणूस घरात जसा येतो तसा ठेवा. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), बेडं (आवाराचं फाटक), अंगण, तुळशीवृंदावन, पायऱ्या, पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली, माळा, मागची पडवी, न्हाणी, विहीर, गोठा, आगर (माड-पोफळींची बाग). प्रत्येक दाराशी उभं राहून दोन फोटो: एक पुढच्या खोलीचा, एक मागे वळून. लोक मागे वळून बघत नाहीत, आणि मग ओटीवरून माजघर कसं दिसायचं याचे दहा फोटो असतात, माजघरातून ओटी कशी दिसायची याचा एकही नसतो. घरातल्या बायकांनी ओटी आयुष्यभर त्याच बाजूने पाहिलेली असते.

खोलीच्या आत चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, मग चारही भिंती समोरून सरळ, मग जमीन, मग वरचे वासे. मोबाइल असेल तर ०.५ची रुंद लेन्स मोह पाडते, खोली मोठी दिसते, पण कडेचे खांब ताणले जातात आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं डोकं लांबट होतं. शक्यतो १ वरच राहा आणि खोली मावत नसेल तर दोन फोटोंत घ्या. डीएसएलआर असेल तर फुल फ्रेमला २४ ते ३५ मिमी, छोट्या सेन्सरला १६ ते २४ मिमी पुरे. कॅमेरा वर-खाली झुकवू नका, नाहीतर खांब एकमेकांवर कलल्यासारखे दिसतात. पडद्यावर जाळीच्या रेघा दाखवायची सोय असते, ती चालू करा आणि खांब त्या रेघेला समांतर ठेवा.

कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण यावर बहुतेक कुणी विचार करत नाही. त्या घरात माणसं जमिनीवर बसायची. जेवण पाटावर, निवडणं-टिपणं जमिनीवर, दळण जात्यापाशी, गप्पा ओटीवर मांडी घालून. म्हणून खिडक्या खाली आहेत, कोनाडे खाली आहेत. आपण उभे राहून फोटो काढतो तेव्हा खिडकी कमरेशी येते आणि खोली बुटकी, कोंदट वाटते. कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. खिडकीतून एकदम अंगण दिसू लागेल, बेड्यातून येणारा माणूस दिसेल, वासे उंच जातील. खोली जशी बांधणाऱ्याच्या मनात होती तशी दिसते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी माजघरात मांडी घालून बसायला लावतो, मगच तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, उघडू देतो.

तिकाटणं नसेल तर उसनं घ्या. माजघराला बाहेरची भिंत नसते आणि उजेड दारातून, फार तर एखाद्या काचेच्या कौलातून येतो. तिथे हातात धरून काढलेला फोटो हललेला तरी येतो किंवा खरखरीत. फ्लॅश मारला तर शेणाने सारवलेल्या जमिनीचा पोत आणि खांबांचा गोलपणा दोन्ही सपाट होतात. आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ८, आणि शटर लागेल तितका वेळ उघडा, चार सेकंद, आठ सेकंद, घर कुठे पळून चाललेलं नाही. बटण दाबतानाही कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. दारातून दिसणारं अंगण पांढरंफटक होत असेल तर कॅमेरा न हलवता तीन फोटो घ्या: पहिला मीटर दाखवतो तसा, दुसरा दोन स्टॉप कमी (म्हणजे काळपट), तिसरा दोन स्टॉप जास्त (म्हणजे उजळ). नंतर संगणकावर ते एकत्र करता येतात. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलीत, काढा, बऱ्याच मोबाइलमध्येही आता ती सोय असते. दिवे बंद करून एक संच काढा, कारण बल्बचा पिवळा आणि दारातला निळसर उजेड मिसळला की चुन्याचा खरा रंग कळत नाही. मग दिवे लावून दुसरा संच काढा, कारण तुमच्या वडिलांच्या आठवणीतलं घर संध्याकाळी दिवे लागलेलंच असणार.

काचेचं कौल असेल तर दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो आणि त्याच्या झगझगाटात बाकीची खोली काळी होते. नोंदीचे फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर घ्या. पण त्या कवडशाचेही फोटो दर तासाने एकेक घ्या. पुष्कळ घरांत बायकांचं घड्याळ तोच असायचा: कवडसा अमुक खांबाला लागला की कुकर, त्याआधीच्या काळात भाताचं आधण. काकूंना विचारा, खांब दाखवतील.

आता यातला खरा ऐवज, म्हणजे वापराच्या खुणा. समोरून अंगणासकट घराचा फोटो प्रत्येकाकडे असतो. पिढ्यांचं राहणं मात्र झिजलेल्या जागी साठलेलं असतं. उंबरठा मधोमध कुठे खोलगट झालाय? माळ्याच्या शिडीची कुठली पायरी गुळगुळीत आहे? ओटीवरच्या कुठल्या खांबाला पाठ टेकून टेकून तेलकट डाग पडलाय, आणि तो कुणाचा? स्वयंपाकघरातले वासे धुराने काळेभोर झालेले असतात, पण चूल हलवली असेल तर काळेपणाची जागाही दोन ठिकाणी दिसते. कोनाड्याच्या वरच्या कमानीला चिमणीच्या काजळीची जीभ उमटलेली असते. आढ्याखाली झोपाळ्याच्या कड्या असतात, आणि त्यांच्याशेजारी पाळण्याच्या. गणपती बसवायच्या जागी वर मंडपी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट) टांगायचे आकडे असतात. देवघराच्या दाराशी जिवतीचा कागद दर श्रावणात चिकटवलेला असतो, जुन्यावरच नवा. भिंतीचा पोपडा जिथे सुटलाय तिथे जवळून फोटो घ्या: निळीचा चुना, त्यावर पिवळी माती, त्यावर डिस्टेंपर, त्यावर ऑइलपेंट, अशी लग्नकार्यांची सगळी यादी एका पोपड्यात सापडते. कुठल्या लग्नाला कुठला रंग, हे काकूंना बहुधा तोंडपाठ असेल.

असे जवळचे फोटो घेताना समोरून उजेड नको. खोली अंधारी करा आणि एक बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून, आडव्या कोनात धरा. खाचखळगे, खिळ्याची भोकं, पेन्सिलीने लिहिलेले हिशोब, मुलांची उंची मोजल्याच्या रेघा, सुतारानं सांध्यावर मारलेल्या खुणा, सगळं उठून दिसतं. फ्रेमच्या कडेला एक छोटी मोजपट्टी ठेवा. नाणं ठेवायची पद्धत आहे, पण नाण्यांचे आकार बदलत राहतात. पट्टीच बरी.

भांड्यांकडे विशेष लक्ष द्या. कोठीच्या खोलीतली पितळेची घंगाळं, पातेली, तांब्याचे हंडे, ताम्हणं बाहेर काढा आणि काठाखाली बघा. नावं ठोक्यांनी घातलेली असतात, ठिपक्या-ठिपक्यांची. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणी दिलं, आणि पुष्कळदा शके व तिथी. घरातल्या पुरुषांची नावं सातबाऱ्यावर असतात, फोटोंवर असतात. पण लग्न होऊन आलेल्या बाईचं माहेरचं नाव घरात कुठे शिल्लक असेल तर ते अशा भांड्यावर. फोटो घेताना भांडं घासूनपुसून लखलखीत करू नका, ठिपके आधीच झिजलेले असतात. पडवीच्या सावलीत ठेवा, एका बाजूला काळं कापड धरा, दुसऱ्या बाजूने उजेड येऊ द्या. धातूमध्ये काळ्या कापडाचं प्रतिबिंब पडलं की ठिपके पांढरे उमटतात. गोल भांड्यावरचं नाव एका फोटोत मावत नाही, थोडं थोडं फिरवत चार-पाच घ्या. वाटण्यांत पहिल्यांदा भांडी पांगतात, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका.

काळ ठरवायला अशा पुष्कळ गोष्टी मदत करतात. शके दिसलं की त्यात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते पाडव्याआधीच्या दिवसांतली, म्हणजे साधारण पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. शके १८२४ च्या वैशाखातलं लग्न म्हणजे १९०२ सालचं, माघातलं असेल तर १९०३. कौलं उतरवताना प्रत्येक छापाचं एकेक कौल उलटंसुलटं करून फोटो घ्या. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या कौलांवर कधी कधी १८६५ असं साल उठवलेलं सापडतं आणि घरची मंडळी घर तेव्हाचं समजतात. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. देवघरातल्या तसबिरींत रवि वर्मा प्रेसचं ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं छापील चित्र) असेल तर चित्राच्या खालच्या पट्टीचा फोटो वेगळा घ्या. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे पट्टीवरच्या पत्त्यावरून चित्र आधीचं की नंतरचं याचा अंदाज येतो. वीज कधी आली ते काकू सांगतील, आणि लाकडी पट्टीतलं वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज, काळे गोल बटण हे त्याचे पुरावे. भिंतीतली तिरपी भेग विचारून घ्या, तुमच्या भागात पुष्कळदा उत्तर ‘कोयनेच्या भूकंपात’ असं येतं, म्हणजे ११ डिसेंबर १९६७. आणि छपराचा एखादा भाग नव्या पत्र्याचा असेल तर तो बहुधा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतरचा. तो पत्रा कुरूप दिसतो म्हणून लोक चौकटीतून वगळतात. वगळू नका, तोही घराच्या हकिकतीत येतो.

ओटीवरच्या तसबिरी. आधी सगळ्या भिंतीचा एक फोटो, कुठली तसबीर कुणाशेजारी आहे हे कळेल असा. त्या रांगेला अर्थ असतो. मग एकेक खाली घेऊन पडवीत, थेट ऊन नसलेल्या जागी. काचेवर तुमचंच प्रतिबिंब पडतं, त्यासाठी काळ्या चादरीला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढा. मग पाठ. मागच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असतो, मुंबईतल्या फ्रेमवाल्याचं लेबल असतं, कधी मागे वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं आणि त्यावर तारीख असते. फोटो काचेला चिकटला असेल तर सोडवायला जाऊ नका, चेहरा काचेसोबत निघून येतो. तसाच काढा. तसबीर उतरवल्यावर भिंतीवर उजळ चौकोन उरतो, त्याचाही एक फोटो.

ट्रंकेतले कागद निघाले, म्हणजे मनिऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डं, जमाखर्चाच्या वह्या, घरपट्टीच्या पावत्या, तर प्रत्येक पान कडेसकट, दोन्ही बाजूंनी. घडी जोर लावून सपाट करू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मोडी असेल आणि घरात कुणाला वाचता येत नसेल, तरी फोटो काढून ठेवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केलीत तर मोडी वाचणारं माणूस मिळेल. त्यातली मनिऑर्डरची पावती हलकी समजू नका. कोकणातली किती तरी घरं मुंबईत नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या पगारावर उभी राहिली, आणि त्याचा लेखी पुरावा बहुतेक वेळा तेवढाच असतो.

आता जरा अवघड विषय. घरात कोण कुठपर्यंत येत असे, हेही विचारा आणि त्या जागांचे फोटो घ्या. कुळं अंगणात कुठे बसायची. पाणी वरून कुणाला ओतलं जायचं आणि कुठे. गडी मागच्या पडवीत कुठे जेवायचा, त्याचं ताट कुठे असायचं. पाळीच्या दिवसांत बायका कुठे बसायच्या. केशवपन झालेली पणजी किंवा आत्या दिवसभर कुठल्या खोलीत असायची आणि उजेड तिथे किती यायचा. हे बोलताना माणसं चुळबुळतात, काही जण ‘ते कशाला’ म्हणतात. मला वाटतं, हे वगळलंत तर तुम्ही घराचं सोयीचं चित्र पुढे देताय. ज्या गड्याने ती विहीर खणायला मदत केली, त्याची नातवंडं बहुधा त्याच गावात आहेत. त्यांनाही बोलवा, त्यांच्याकडून ऐका, आणि फोटोची एक प्रत त्यांना द्या.

माणसांचे फोटो रांगेत उभं करून एक काढाच, नाहीतर घरचे रागावतील. पण त्याहून महत्त्वाचे फोटो म्हणजे प्रत्येक जण आपापल्या जागी. काकू चुलीसमोर, वडील आणि काका लहानपणी जिथे झोपायचे तिथे, आत्या माहेरपणाला आल्यावर जिथे बसायची तिथे. पूर्ण माणूस आणि आजूबाजूची खोली, दोन्ही दिसू द्या, चेहऱ्यावर जाऊ नका. हात मात्र जवळून घ्या: जात्याचा खुंटा धरलेला, कडी सरकवणारा, रहाटाचा दोर ओढणारा. सवयीने झालेली हालचाल सांगून करवता येत नाही, म्हणून ‘असं धरा’ म्हणू नका, ‘कसं करायचात?’ असं विचारा आणि बाजूला व्हा.

विचारण्याचीही रीत असते. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणूस गांगरतो किंवा ठरलेलं बोलतो. वस्तूला बोट लावून विचारा. हा खिळा कशाचा? इथे कोण झोपायचं? हे दार कधी बंद केलंत? बाळंतिणीच्या खोलीत खाट कुठल्या बाजूला होती, आणि इथे कोण कोण जन्मलं? ध्वनिमुद्रण सुरू करताना आधी खोलीचा क्रमांक मोठ्याने बोला, म्हणजे नंतर फोटोशी जुळवता येईल. दोन भावंडांचं उत्तर जुळलं नाही तर वाद मिटवत बसू नका, दोन्ही नोंदवा. आवाज म्हणून काही वेगळेही घ्या: दिंडी दरवाजाची कडी, झोपाळ्याचं करकरणं, रहाट, कौलांवरचा पाऊस. त्या शेवटच्यासाठी जूनमध्ये एक चक्कर मारावी लागेल, आणि ती माराच. पडवीला झड्या, म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, बांधल्या की घर निराळंच होतं: आत हिरवट काळोख, ओटीवर लाकडं रचलेली. फक्त मे महिन्यातलं घर बघून कोकणातलं घर कळत नाही. शिवाय पावसाळी ढगांचा उजेड चिऱ्याच्या भिंतीसाठी फार चांगला, सावल्या कठीण पडत नाहीत आणि ओला जांभा आपला लाल रंग दाखवतो.

परवानगीबद्दल. वाटण्या झालेल्या घरात कॅमेरा घेऊन फिरणारा एक भाऊ दुसऱ्याला संशयास्पद वाटू शकतो, विशेषतः तुम्ही मोजमापं घेताना. सगळ्या हिश्शेकऱ्यांना आधी सांगा की हे काय आहे आणि प्रत्येकाला संपूर्ण संच मिळणार आहे. देवघरातले टाक (देवांच्या प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे) काही घरांत बाहेरच्या नजरेला दाखवत नाहीत, फोटो चालत नाही. चालत नसेल तर दाराबाहेरून देवघर घ्या आणि टाकांची नावं विचारून लिहा. इंटरनेटवर काही टाकणार असाल तर फोटोतली स्थळाची माहिती काढून टाका. बंद घर, आत पितळ आणि चांदी, वर नकाशा, हे सगळं चोराच्या हाती द्यायचं कारण नाही.

फाइलींचं काम रोजच्या रोज, रात्री. नाव असं द्या की आधी तारीख, मग खोली क्रमांक, मग फोटो क्रमांक. मथळा फाइलच्या आतच लिहायची सोय जवळपास प्रत्येक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी माहिती सोबत जाते. मथळा असा असावा: ‘खोली ५, माजघर, उत्तर भिंत, पूर्वेकडचा कोनाडा. आधी चिमणी ठेवायचे, वीज आल्यावर रेडिओ. सांगणार: मोठी काकू.’ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो ही प्रत धरू नका, तिथे फोटो दाबून लहान होतो आणि आतली माहिती गळून पडते. मूळ फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि निवडक फोटोंचं मथळ्यांसकट छापील पुस्तक चार भावांना एकेक, काकूंना पाचवं. हार्ड डिस्क काही वर्षांत बंद पडते, आम्लविरहित कागदावरची चांगली छपाई कुणीही, काहीही न जोडता, उघडून बघू शकतं. काकूंना पुस्तक मोठ्या अक्षरांत द्या. त्या त्यात आणखी दुरुस्त्या सांगतील, त्या पेन्सिलीने तिथेच लिहून घ्या.

राहिलं प्रत्यक्ष उतरवणं. बहुतेकांना तो दिवस बघवत नाही, म्हणून ते जात नाहीत. तुम्ही जा. कौलं निघाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा माजघरात वरून उजेड येतो. आढं, तुळया, वासे, रिपा कशा एकमेकांत बसवल्यात ते त्या एका-दोन दिवसांतच दिसतं, खांबाचं कूस (खाचेत बसणारं टोक) तुळईत कसं शिरलंय ते दिसतं, चिऱ्यांच्या भिंतीच्या पोटात काय भरलंय ते कळतं. माळ्यावर वाशांच्या बेचक्यात कधी जुनी वही, कधी पत्र्याची डबी सापडते. ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवा: कौलं एका दिवसात न काढता खणाखणाने काढायची, सांधे कुऱ्हाडीने न फोडता सोडवायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला अर्धा तास द्यायचा. पैसे थोडे जास्त मागेल, द्या. दारं, खांब विकले जाणार असतील तर जाण्याआधी प्रत्येकाचा चारही बाजूंनी, पट्टीसकट फोटो. जुनं सागवान मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोचलं की ते कुठल्या घरचं, हे सांगणारं कुणी नसतं. भिंती उतरल्यावर जोत्याचा, सगळ्या खोल्यांच्या पायांसकट, शेजारच्या माडावरून किंवा उंच दरडीवरून एक फोटो घ्या, ड्रोन मिळाला तर उत्तमच, आणि तो तुमच्या हाताने काढलेल्या नकाशाशेजारी लावा.

त्या दिवसांसाठी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या जास्तीच्या भरून न्या. घराचा वीजमीटर तोवर काढून नेलेला असतो.